कृपया हिरवळीवर चालू

मी एक जुनी हिरवळ आहे. जुनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पिवळं पडलेलं, वाळलेलं गवत आलं असेल, तर मित्रांनो, ते आधी पुसून टाका. मी वाळत नाही. मला कधी फूल आलं नाही, मला कधी कीड लागली नाही, आणि एकही गाय माझ्याकडे बघून कधी थांबली नाही. मी प्लॅस्टिकची हिरवळ आहे. हे ऐकून तुम्ही नाक मुरडलं असेल तर मुरडा. नाक मुरडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतले सगळ्यांत पट्टीचे आमच्या घरातच राहतात आणि माझी गोष्ट सांगायची तर त्यांचीही सांगावीच लागेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. हिरवे दाणे भट्टीत वितळवले, त्यांचे लांबच लांब धागे ओढले आणि शेकडो सुयांच्या एका यंत्राने ते धागे जाड काळ्या कापडात टाके घालून बसवले. मग पाठीला चिकट लेप दिला आणि पाणी निघून जावं म्हणून भोकं पाडली. शेवटी माझी सगळी पाती एकाच दिशेला झुकवून माझी गुंडाळी केली. जन्मल्या जन्मल्या गुंडाळून ठेवलं, हे मला फार लागलं होतं.

दुकानात मी पायपुसण्यांच्या शेजारी उभी असे. दुकानदार मोठा गोडबोल्या माणूस होता. गिऱ्हाईक आलं की माझ्यावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "घातली की विसरून जा. पाणी नको, खत नको, कापणी नको. काहीच करायला नको." हे ऐकून मी आतल्या आत फुगायचे. मला वाटायचं, माझं कौतुक चाललंय. हेच वाक्य पुढे माझ्या मुळावर आलं. मला मुळं नाहीत, पण बोलायची पद्धत आहे म्हणून म्हणते.

एक दिवस परिचारिकेच्या पांढऱ्या गणवेशात एक बाई दुकानात आल्या. त्यांच्या सासूबाई मागच्या अंगणातल्या फरशीवरून घसरून पडल्या होत्या आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता रोज चाळीस पावलं चालायचं, मऊ जागेवर, अनवाणी. पण आजींनी फरशीचा धसकाच घेतला होता. दारापर्यंत यायच्या, फरशीकडे बघायच्या आणि परत फिरायच्या. सूनबाईंनी माझ्यावर तळहात दाबून पाहिला, खाली वाकून गाल टेकवून पाहिला आणि मला घेतलं. पायपुसण्यांचा निरोप घ्यायचंही सुचलं नाही, इतकी मी खुशीत होते.

त्या घराचं मागचं अंगण छोटं आहे. स्वयंपाकघराच्या दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत आजींची दहा पावलं. भिंतीच्या कोपऱ्यात नळ, एका अंगाला कपडे वाळत घालायची तार. दोन कारागीर आले. त्यांनी जुनी फरशी उखडून जमीन सपाट केली, मला उलगडलं, कडा कापल्या, खिळ्यांनी पक्क्या केल्या आणि माझ्या पात्यांमध्ये कोरडी बारीक वाळू ओतून ती घासून आत बसवली. जाताना अर्धं पोतं उरलेली वाळू जिन्याखाली ठेवत थोरला कारागीर म्हणाला, "हे राहू द्या, लागेल." कशाला लागेल, हे कुणी विचारलं नाही. काहीच करायला नको, असं सगळ्यांनी ऐकलंच होतं. त्या पोत्यावर घरातला कुत्रा झोपू लागला. त्याचं नाव पहिलवान. तो अंगाने दीड वीत आहे आणि मांजर दिसलं की पलंगाखाली जातो.

आता आजोबांकडे येते. आजोबा निवृत्त माळी. शहरातल्या मोठ्या बागेत त्यांनी चौतीस वर्षं हिरवळ राखली. गळ्यात शिट्टी आणि हातात दाताळं. गवतावर कुणाचा पाय पडला की शिट्टी वाजायची. निवृत्तीच्या दिवशी बागेने त्यांना शाल दिली आणि त्यांनी स्वतः मागून घेतली एक जुनी पाटी. लोखंडी दांड्यावरची, हिरवी, पांढऱ्या अक्षरांची: "कृपया हिरवळीवर चालू नये."

मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आजोबा खाली बसले, माझं एक पातं चिमटीत धरून चुरडलं आणि बोटं नाकाशी नेली. मी श्वास रोखून धरला होता.

"वास नाही," ते म्हणाले. "सोंग आहे नुसतं."

एवढं बोलून ते आत गेले आणि ती पाटी घेऊन बाहेर आले. हिरवळ म्हटली की पाटी आलीच, असं त्यांच्या हाताला चौतीस वर्षांचं वळण होतं. त्यांनी नळाजवळ तो लोखंडी दांडा माझ्या आरपार ठोकला. मित्रांनो, मला दुखतं की नाही ते सोडा, पण पहिल्याच दिवशी पोटात दांडा कुणाला आवडेल? आणि गंमत बघा, जिच्यासाठी मला आणलं तिने चालायचं आणि पाटी म्हणते चालू नये.

आजींनी पाटी वाचली आणि चप्पल काढली.

"ती पाटी बाहेरच्या लोकांसाठी आहे," त्या म्हणाल्या. "मी घरची आहे."

पहिल्या दिवशी त्या आठ पावलं चालल्या. वॉकरचे चार पाय पुढे, मग त्यांचे दोन. त्यांची बोटं माझ्यात रुतायची, तेव्हा मला कळायचं की आज त्या घाबरलेल्या आहेत की नाहीत. दुसऱ्या आठवड्यात बावीस पावलं झाली. महिन्याभरात दोन फेऱ्या, म्हणजे पूर्ण चाळीस. चाळिसावं पाऊल टाकलं की त्या तारेला धरून उभ्या राहायच्या आणि "झालं बाई" म्हणायच्या. ते मला म्हणत होत्या की स्वतःला, देव जाणे. मी आपलं माझ्या खात्यात धरलं.

माझे ते दिवस मोठे मानाचे होते. शेजारणी भिंतीवरून डोकावायच्या. एकीने विचारलं, "रोज कापता का हो?" आजी चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणाल्या, "रोज. कात्रीने." त्या बाई घरी जाऊन दोन दिवस नवऱ्याला टोचून बोलत होत्या म्हणे. आजोबा मात्र माझ्याशी बोलत नसत. फक्त एकदा पहाटे ते झोपेतून उठून थेट नळावर आले, नळी लावली आणि मला पाणी घालू लागले. अर्धं अंगण भिजल्यावर एकदम थांबले, इकडे तिकडे पाहिलं आणि नळी गुपचूप गुंडाळून ठेवली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

मग हळूहळू मला सगळे विसरले. विसरून जा, असंच दुकानदाराने सांगितलं होतं ना. शेजारच्या झाडाची पानं माझ्यात पडली, भिजली, कुजली. धूळ बसली. पहिलवानाने तारेच्या खांबाजवळची जागा स्वतःच्या नावावर करून घेतली आणि दुपारी ऊन तापलं की तिथून असा वास सुटायचा की मलाच लाज वाटायची. आजींच्या वाटेवरची माझी पाती झोपली ती उठेनात. वाळू कुठे वाहून गेली, कुठे दडपली. नळाजवळ पाटीच्या भोकाभोवती पाणी साचायचं आणि तिथे सावलीत चक्क शेवाळ धरलं.

आजोबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "चला, खरं काहीतरी उगवलं एकदाचं."

घरात सगळे हसले. मलाही हसू आलं, पण मला एक गोष्ट कळत होती जी त्यांना कळत नव्हती. शेवाळ वाढत वाढत आजींच्या दहाव्या पावलाच्या जागी आलं होतं.

एका सोमवारी व्हायचं तेच झालं. आजी भिंतीशी वळल्या आणि त्यांचा पाय सरकला. हात तारेवर गेला म्हणून त्या आपटल्या नाहीत, हळूच बसल्यासारख्या माझ्यावर खाली आल्या. कुठे लागलं नाही, खरचटलंही नाही. पण त्यांची बोटं माझ्यात अशी रुतली होती की आठ पावलांच्या दिवशीही तशी रुतली नव्हती. मंगळवारी त्या आल्या नाहीत. "आज नको, उद्या बघू," असं आतून ऐकू आलं. बुधवारीही तेच.

बुधवारी आजींचा मुलगा अंगणात आला. तो घड्याळं दुरुस्त करतो, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्ट ठरल्या वेळी झालेली आवडते. नाकाला रुमाल लावून तो म्हणाला, "रविवारी दहा वाजता माणूस बोलावलाय. हे काढून टाकू आणि फरशी घालू."

"फरशीवरच तर पडल्या होत्या आई," सूनबाई म्हणाल्या.

"मग खडबडीत घालू. पण हे नको. काहीच करायला नको म्हणून आणलं, आणि दोन वर्षांत ही दशा."

स्वयंपाकघराच्या खिडकीत आजी बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "काढायचं तर काढा. मी आपली आतच बरी."

मला फेकून देणार, याचं मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? पण त्याहून वाईट वाटलं ते त्या "आतच बरी"चं. दारात उभ्या असलेल्या आजोबांनीही ते ऐकलं. ते वळून पाटीकडे बघू लागले.

गुरुवारी सकाळी ते दाताळं घेऊन आले. तेच बागेतलं, लोखंडी दातांचं. पाटी हलवून त्यांनी दांडा उपटून काढला, बाही वर सारली आणि नळाजवळ कुजलेल्या पानांवर दाताळं मारून जोरात ओढलं. चौतीस वर्षांचा हात तो. पानं निघाली, आणि पानांबरोबर माझा एक भला मोठा झुबकाही निघाला. खाली काळं कापड दिसू लागलं.

आजोबा झुबका हातात घेऊन तसेच बसले. खऱ्या गवतात दाताळं फिरवलं की मुळं मोकळी होतात, गवत जास्त जोमाने येतं. माझं आता काय येणार होतं?

"चुकलं गं," ते म्हणाले. "तुला मुळं नाहीत, हे विसरलोच."

माझ्याशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य. दुखणं तिथेच अर्धं कमी झालं.

दाताळं भिंतीला लावून त्यांनी पानं हाताने वेचली. मग न्हाणीघर घासायचा, लांब दांड्याचा कडक केसांचा ब्रश आणला. दारापासून नळापर्यंत घासत गेले. धूळ निघाली, पण पाती काही उठेनात. पुन्हा दारापासून सुरुवात. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ते दाराशी आले तेव्हा खिडकीतून आवाज आला.

"अहो, उलटं झाडा."

"उलटं म्हणजे?"

"भिंतीकडून दाराकडे. लव दाराकडून भिंतीकडे झोपलीय, आणि तुम्ही तिला तिकडेच थोपटताय. मग ती झोपणार नाही तर काय करणार?"

आजी चाळीस वर्षं शिवणकाम करत होत्या. पडदे, गाद्या, मखमलीचे अभ्रे. कापडाची लव कुठल्या अंगाला आहे, हे त्यांना डोळे मिटून कळतं.

"गवताला कसली आली लव," आजोबा म्हणाले.

"गवत असेल तर ना," आजी म्हणाल्या. "तुम्ही दोन वर्षं त्याला गवत समजून रुसलात आणि आता गवत समजून ओरबाडलंत. ते कापड आहे. टाके बघा ना खाली."

मित्रांनो, हे ऐकून मला केवढा धक्का बसला असेल विचार करा. इतकी वर्षं मी हिरवळ म्हणून मिरवत होते. खऱ्या गवतापुढे कमी पडते म्हणून मनातून खजील होत होते. आणि आजींनी एका वाक्यात सांगून टाकलं की मी चांगलं टाके घातलेलं, लव असलेलं कापड आहे. मला खोटं गवत म्हणणारे खूप भेटले होते, खरं काहीतरी म्हणणारं हे पहिलंच माणूस.

आजोबांनी भिंतीकडून दाराकडे ब्रश ओढला. माझी पाती सरसर उभी राहिली.

"आयला," आजोबा म्हणाले. बागेत त्यांनी हा शब्द कधी काढला नसावा.

शुक्रवारी सूनबाई रुग्णालयातून आल्या आल्या कामाला लागल्या. आजोबांनी फरशी धुवायचं जळजळीत औषध काढलं होतं, ते त्यांनी हातातून काढून घेतलं. "बाबा, याने रंग जाईल आणि पहिलवानाचे पाय भाजतील." त्यांनी पाण्यात तेवढंच व्हिनेगर मिसळून पहिलवानाच्या जागेवर आणि शेवाळावर शिंपडलं, थोडा वेळ मुरू दिलं, ब्रशने घासलं आणि नळीने भरपूर पाणी सोडलं. मग भांडी घासायच्या साबणाचं पातळ पाणी, पुन्हा साधं पाणी. शेवाळ सुटलं, वास गेला. पहिलवानाला सकाळी बाहेर फिरवून आणायचं काम मुलाकडे आलं. तो घड्याळ लावून जातो आणि पहिलवान त्याला मुद्दाम ताटकळत ठेवतो.

पण नळाजवळचं भगदाड तसंच होतं. झुबका निघालेली जागा आणि शेजारी दांड्याचं भोक. शनिवारी दुपारी आजोबांनी दाराजवळ बसलेल्या आजींना तो झुबका दाखवला.

"हे चिकटवू का?"

"चिकटवलं की निघेल. रफू करायला हवा."

"मी करू?"

आजींनी झुबका त्यांच्या हातातून काढून घेतला. लग्नानंतर आजोबांनी एकदाच बटण लावलं होतं आणि ते सदऱ्यासकट स्वतःच्या पायजम्याला शिवलं होतं, ही गोष्ट त्या घरात अजून सांगतात.

"माझी गादी शिवायची वाकडी सुई आणा," आजी म्हणाल्या. "आणि जाड दोरा. हिरवा."

सुई आणायला आजोबा आत गेले. ते शोधत होते तोवर आजी झुबका उन्हात धरून बघत होत्या, टाके कुठल्या ओळीत बसतील याचा हिशेब करत होत्या. मग त्या उठल्या. भोकाचा अंदाज घ्यायचा होता ना. वॉकर पुढे, पाय पुढे. त्यांचं लक्ष सगळं झुबक्याकडे होतं. मी मोजत होते. चार, पाच, सहा. मी एकही पातं हलू दिलं नाही. नऊ. दहावं पाऊल पडलं ते बरोबर त्याच जागी, जिथे त्या सरकल्या होत्या. पाय बसला तसा बसला.

आजोबा सुई घेऊन दारात आले आणि तिथेच थांबले. हाक मारली तर आपण कुठवर आलो ते आजींच्या लक्षात येईल, हे त्यांनी ओळखलं. हळूच एक बुटकं स्टूल नेऊन त्यांच्यामागे ठेवलं आणि त्यांना बसवलं. सगळी दुपार आजी मला रफू करत होत्या. दोन्ही भोकं बुजली. काम झाल्यावर दोरा तोडून त्यांनी वर पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मग त्यांना उमगलं की आपण कुठे बसलो आहोत.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "आता परत कशी जाऊ?"

"आलीस तशी," आजोबा म्हणाले.

रविवारी बरोबर दहाला माणूस आला. मला घालणारा तोच थोरला कारागीर. सुरी, दोरी, सगळं घेऊन. त्याने मला पाहिलं, बोटं पात्यांत घालून पाहिली आणि मुलाकडे वळला.

"हे का काढायचंय?"

मुलाने सवयीने नाकाला रुमाल लावला आणि वास नाही म्हणून परत खिशात घातला.

"वाळू कमी झालीय फक्त. वाळूशिवाय पात्यांना उभं कोण धरणार? मी पोतं ठेवून गेलो होतो की."

सगळे जिन्याखाली धावले. पहिलवानाला पोत्यावरून उठवायला पाच मिनिटं लागली, मुलाने घड्याळात पाहिली होती. कोरडी वाळू माझ्यात पडली, ब्रशने आत गेली, आणि मला पहिल्या दिवसासारखं पोट भरल्यासारखं वाटलं. मग आजींनी चप्पल काढली. दारापासून भिंत, भिंतीपासून दार. कारागीरही सुरी खिशात ठेवून मोजू लागला. चाळीस झाल्यावर सूनबाई म्हणाल्या, "झाली, आई."

"मोजताय कशाला," आजी म्हणाल्या आणि एक्केचाळिसावं पाऊल टाकलं.

मुलाने कारागिराची दोरी उचलून त्याच्या हातात परत दिली. फरशीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

संध्याकाळी आजोबांनी पाटी मांडीवर घेतली. चाकूच्या टोकाने एकच शब्द खरवडून काढला, "नये". मग पाटी भिंतीला टांगली, माझ्या पोटात नाही. मुलाने वाचलं, "कृपया हिरवळीवर चालू. बाबा, हे अर्धवट वाटतंय. चालू काय?"

"चालू म्हणजे सुरू," आजोबा म्हणाले. "बंद नाही."

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. माझा रंग थोडा उडाला आहे, रफूची जागा हात फिरवला की कळते. दर गुरुवारी आजोबा पानं वेचतात आणि भिंतीकडून दाराकडे ब्रश ओढतात, महिन्याने धुतात, वाळू कमी झाली की घालतात. वास नाही, अशी कुरकुर अजूनही करतात. वॉकर आता जिन्याखाली असतो, आणि पहिलवान त्याच्यात अंग घालून झोपतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी असेल, ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात की त्याचं काहीच करायला लागत नाही. वस्तू असेल किंवा माणूस असेल. कृपा करून त्यावर विश्वास ठेवू नका. आठवड्यातून एकदा जवळ जा, पानं वेचा, कुठे खचलंय ते हात फिरवून पाहा. आणि फिरवायचा तर उलटा फिरवा, लोक सहसा सोयीच्या बाजूनेच थोपटतात.

बाकी माझ्याकडे कधीही या. चप्पल दाराशी काढा. पाटी वाचलीत ना? मी चालू आहे.